स्लाईडवर की जमिनीवर? (घरचं रोइंग मशीन, कंबर आणि अर्ध्या किमतीची एक ऑफर)

कर्वेरोडी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय. वय ४७, वजन ७८, काम खुर्चीतलं. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी पळणं बंद पाडलं तेव्हा कॉन्सेप्ट टूचं रोइंग मशीन घेतलं, बाल्कनीत टाकलंय, आठवड्यातून चारदा बसतो. २००० मीटर ८:०५, ५००० मीटर २२:१० च्या आसपास. म्हणजे काही भारी नाही पण सोसायटीत पहिला नंबर आहे (सोसायटीत मशीन एकच आहे).

तर झालंय असं की ओळखीतले एक गृहस्थ कायमचे परदेशी चाललेत आणि त्यांच्याकडे मशीनच्या स्लाईड्स आहेत, त्या अर्ध्या किमतीत देतो म्हणतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मशीनच्या पुढच्या पायांखाली एक आणि मागच्या पायाखाली एक असे दोन छोटे रूळ टाकायचे, त्यावर चाकाची गाडी असते, आणि मग तुम्ही वल्हवताना अख्खं मशीनच तुमच्या खालून पुढेमागे होतं. गेले तीन महिने पाऊण तास सलग केलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मोजे घालताना कंबर धरते. हे गृहस्थ म्हणतात स्लाईडवर कंबर दुखतच नाही, शिवाय अगदी बोटीत बसल्यासारखं वाटतं. आता बोटीत मी आयुष्यात एकदाच बसलोय, महाबळेश्वरला वेण्णा लेकवर, आणि वल्हवत दुसराच होता, त्यामुळे त्या मुद्द्यावर माझा पास.

खरंच घेण्यासारखं आहे का? टायमिंग सुधारतं का बिघडतं? कोणी वापरलंय का दोन्ही?

आळशीराजा
मी पयला! स्लाईड म्हणजे घसरगुंडी ना? आता घसरगुंडीवर बसून व्यायाम, चालू द्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

संगमब्रिज
वा, रोइंगवर धागा! डोळे पाणावले.
सीओईपीच्या (पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज) बोट क्लबवर चार वर्षं काढलीत. तिथला रेगाटा (बोटींचा महोत्सव) १९२८ पासून चालू आहे, पण नदीचं म्हणाल तर आमच्या वेळी सुद्धा जलपर्णी आली की बोट बाहेर काढायची सोय नसायची, मग सगळी वरात एर्गवर. (आम्ही एर्गच म्हणायचो, रोइंग मशीन म्हणणारा माणूस जिममधून आलाय हे लगेच कळायचं. कृपया हलके घ्या.)

स्लाईडवर मी पहिल्यांदा बसलो ते एका कॅम्पला. चार एर्ग एकामागे एक रुळांवर जोडलेले, म्हणजे चौघांचं मिळून एकच लांबलचक मशीन. जमिनीवर मी त्या चौघांत सगळ्यात चांगला स्प्लिट (५०० मीटरला लागणारा वेळ) ओढायचो, म्हणून जरा कॉलर ताठ होती. तिथे दुसऱ्या मिनिटाला मागचा पोरगा ओरडला, अरे ढकलतोयस काय. मला कळेना, मी तर काहीच करत नव्हतो. मग कोचनी सगळ्यांना थांबवलं आणि मला एकट्याला रेट १८ वर (मिनिटाला १८ स्ट्रोक) ओढायला लावलं, बाकी तिघे नुसते बसून. दर स्ट्रोकला तिघांच्या माना एकदम हलत होत्या. मी रिकव्हरीत (ओढून झाल्यावर सीट परत पुढे नेताना) शेवटच्या वीतभर अंतरात धावत पुढे जायचो आणि पायांवर आदळायचो. जमिनीवर ते आदळणं फरशी गिळून टाकते, कोणाला पत्ता लागत नाही. रुळांवर ते सगळ्यांच्या बुडाला कळतं. बोटीतही तेच होतं, बोट दर स्ट्रोकला मागे ओढली जाते, फक्त तिथे आठ जणांत चोर सापडत नाही.

त्यामुळे माझं मत, घ्या. डोळे झाकून घ्या.

सॅपर_निवृत्त
जय हिंद. खडकीला असताना रोइंग केले आहे.
माझे मत उलटे. इनडोअर स्पर्धा, २००० मीटरची टेस्ट, सगळे जमिनीवरच्या मशीनवर होते. ज्यावर परीक्षा त्यावर अभ्यास. आमच्याकडे पोरगा म्हणायचा सर कंबर दुखते, आम्ही आधी विचारायचो डॅम्पर (पंख्याच्या बाजूचा १ ते १० चा खटका) कितीवर. ९९ टक्के वेळा उत्तर १०.
धागाकर्त्याने डॅम्पर कितीवर आहे ते सांगावे, मग पुढे बोलू.

कर्वेरोडी
@सॅपर सर, १०.
मला वाटायचं १० म्हणजे पैसे पूर्ण वसूल.

सॅपर_निवृत्त
बघा.

ढोबळमानाने
लोल. डॅम्पर म्हणजे वजनाची कडी नव्हे हो. पंख्याच्या पिंजऱ्यात हवा किती येऊ द्यायची तेवढंच तो ठरवतो. १० वर ठेवलं की चाक पटकन मंदावतं, मग प्रत्येक कॅचला (पुढच्या टोकाला ओढ सुरू होते तेव्हा) तुम्ही बरंच मंदावलेलं चाक पुन्हा उचलता आणि ते उचलतं कोण, तर कंबर. आकडा लावूच नका, मॉनिटरवर मोअर ऑप्शन्समध्ये ड्रॅग फॅक्टर (हवा चाकाला किती अडवते त्याचा आकडा) दिसतो तो बघा, ११० ते १३० च्या मधे ठेवा. पिंजऱ्यात धूळ बसली की तोच आकडा खाली येतो, बाल्कनीत ठेवलंय म्हणजे बसलेली असणारच.

आता मूळ प्रश्न. मी मेकॅनिकलवाला आहे आणि आज मीटिंग कॅन्सल झालीये, त्यामुळे सहन करा.

जमिनीवर मशीन जागचं हलत नाही, हलता तुम्ही. ७८ किलो पुढे न्यायचे, थांबवायचे, उलट फिरवायचे. रेट ३२ ला रिकव्हरीत साधारण सेकंदाला १ मीटरचा वेग धरला तर ३९ ज्यूल झाले, ते दर स्ट्रोकला कॅचच्या आधी पाय आणि पाठ ब्रेक लावून जिरवतात. मिनिटाला ३२ वेळा म्हणजे २० वॉट. आणि मॉनिटर फक्त चाकाचा हिशोब ठेवतो, हे २० वॉट तुमच्या नावावर लागतच नाहीत. शुद्ध दानधर्म.

स्लाईडवर तुम्ही आणि मशीन एकमेकांपासून लांब जाता, जवळ येता, मधला तोलबिंदू जागेवर राहतो. मशीन साधारण २६ किलो, तुम्ही ७८, म्हणजे बरोबर तिप्पट. तुमच्यात आणि मशीनमध्ये ६० सेंटीमीटर अंतर पडलं तर त्यातले ४५ मशीन सरकतं, तुम्ही जेमतेम १५. हलवायचं वजन जणू साडेएकोणीस किलोच उरतं. ३९ चे १० ज्यूल झाले, २० वॉटचे ५.

पण रेट २० ला आरामात जात असाल, वेग ०.६ धरा, तर मुळात जमिनीवरच १४ ज्यूल आणि पाचेक वॉट. वाचून वाचणार किती? म्हणजे टायमिंगमधला फरक वरच्या रेटला दिसेल, सावकाश पल्ल्याला फारसा नाही. हे सगळं ढोबळ आहे, पाय मशीनला बांधलेले असतात त्यामुळे अख्खे ७८ किलो काही हलत नाहीत, कोणी दशांशावरून भांडू नये.

आळशीराजा
मी सोफ्यावर बसल्या बसल्या शून्य ज्यूल वाया घालवतो. माझं ट्रेनिंग सगळ्यात कार्यक्षम, सिद्ध झालं.

हाडवैदीण
फिजिओ आहे म्हणून चार ओळी. (ऑनलाइन कोणाची कंबर बघता येत नाही, पायात मुंग्या येत असतील किंवा कळ खाली उतरत असेल तर धागा बंद करा आणि प्रत्यक्ष दाखवा.)

रोइंगवाल्यांची सगळ्यात जास्त दुखणारी जागा कंबरच. पण दोष नुसत्या मशीनचा नसतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं माणूस छान खुब्यातून पुढे वाकतो. मग दमतो. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले की खुबा वळायचा थांबतो आणि तेवढंच अंतर गाठायला माणूस कंबरेतून गोल होतो, आणि त्या गोल झालेल्या कंबरेवर पुढचा झटका घेतो. मिनिटाला २० वेळा, पाऊण तास, म्हणजे ९०० वेळा! मोजे घालताना दुखणारच, मोजे घालणं म्हणजे तीच पोझिशन.

स्लाईडवर कॅचचा झटका सौम्य होतो हे खरं, माझ्याकडे येणारे काही जण त्यावर बरे असतात. पण गोल कंबर स्लाईडवरही गोलच. घरी करून बघा, आरशाला कूस करून बसा, पाय समोर, आणि बेंबी मांड्यांकडे न्यायची असं मनात धरून वाका. हनुवटी नाही, बेंबी. पायाच्या फळ्या एक-दोन भोकं खाली घ्या, म्हणजे पुढे यायला जागा मिळते. आणि सलग ४५ नको, १५-१५ ची तीन, मधे दोन मिनिटं उठून चाला. यात कोणाचं काही बिघडत नाही.

रॉटरडॅमची_मावशी
मस्त चाललाय धागा, इकडून हात वर करते. आमच्या इथे थंडीत अंधार आणि वारा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्ही बायका क्लबवर मशीनवरच. ही मशीन हलवायची आयडिया खूप जुनी आहे बरं का, इथल्याच कास रेकर्स यांनी रोपर्फेक्ट नावाचं मशीन काढलं त्यात पंख्याचा भाग आणि पायाच्या फळ्या मिळून पुढेमागे सरकतात. कॉन्सेप्ट टूचं पण २०१० पासून डायनॅमिक नावाचं मशीन आलं, त्यात सीट जवळपास जागेवर आणि पाय सरकतात. स्लाईड हा त्यातलाच गरिबाचा उपाय, आहे त्या मशीनखाली टाका.

माझा अनुभव, स्लाईडवर रेट आपोआप दोन-तीनने चढतो आणि आपल्याला वाटतं आपण फिट झालो! त्यांच्या ऑनलाइन लॉगबुकात स्लाईडवरचे मीटर वेगळे नोंदवायची सोय आहे, तसेच नोंदवा, नाहीतर जुन्या आकड्यांशी तुलना करून स्वतःलाच फसवाल.

आणि हो, जागा बघा. मशीन आधीच आठ फूट, ते आणखी पुढेमागे सरकणार. माझ्या मैत्रिणीने बैठकीच्या खोलीत लावलं आणि पहिल्याच दिवशी मागे ठेवलेली मोठी कुंडी गेली.

जाता जाता @संगमब्रिज, तो चार मशीनवाला किस्सा वाचून खूप हसले, आमच्या ग्रुपमध्ये ती ढकलणारी मी होते.

कर्वेरोडी
सगळ्यांचे आभार. घेतल्या! रविवारी आणल्या. आता ऐका.

पायऱ्या चढून आणल्या, मशीन वर चढवलं, फोटो काढला, ग्रुपवर टाकला, आणि बसायला म्हणून नेहमीसारखा एक पाय टाकला तर मशीन निघालं. म्हणजे मी इकडे, पाय तिकडे, आणि मशीन शांतपणे कठड्याकडे. बायको दारातून बघत होती. तिने फक्त "चहा टाकू का" एवढंच विचारलं. आता आधी खाली वाकून रूळ पकडतो, सीटवर टेकतो, मग पाय.

दुसरी गंमत. पाच-सहा स्ट्रोक मारले की मशीन पुढच्या टोकाला जाऊन ठक. परत मधे आणायचं, परत पाच-सहा, परत ठक. मला वाटलं झालं, माझं तंत्रच इतकं गचाळ आहे. दोन दिवस मान खाली घालून सराव केला. तिसऱ्या दिवशी मुलीच्या हातून गोटी पडली ती घरंगळत सरळ जाळीच्या भोकाशी. बाल्कनीला पाणी जायला ढाळ असतो हो! पंख्याची बाजू उताराला. मी दोन दिवस डोंगर उतरत होतो.

ढोबळमानाने
हाहाहा, हे गणितात नव्हतं. पुढच्या रुळाखाली प्लायची पट्टी टाका, गोटी मधे थांबेपर्यंत.

कर्वेरोडी
टाकली. सुतारकामाच्या दुकानातून सहा एमएमच्या दोन पट्ट्या आणल्या, एक पुरली. आता ठक कमी झालं, पण बंद नाही झालं. म्हणजे ढाळ अर्धा, मी अर्धा.

संगमब्रिज
उरलेलं अर्धं सांगतो. फिनिशनंतर (ओढ संपली की) हात आधी जाऊ द्या, मग अंग, मग गुडघे. गुडघे आधी उचलले की पुढचं सगळं घाईत होतं. आणि मशीन सरकण्याचा आवाज ऐका. जाताना एकसारखा सर्र आला पाहिजे. शेवटी सर्रर्र-खट असा येत असेल तर ते खट म्हणजे तुम्ही. रेट १६ वर दहा मिनिटं नुसतं हेच करा, स्प्लिटकडे बघू पण नका, मॉनिटरवर टॉवेल टाका.

सॅपर_निवृत्त
हेच सर्व जमिनीवरही करता येते. पट्टे न बांधता वल्हवा. घाई केली की पाय सुटतो, फिनिशला जास्त मागे झुकलात की पाय सुटतो. फुकट आहे. स्लाईड लागत नाही.

संगमब्रिज
सर, पट्ट्याशिवाय फिनिश कळतो, मान्य. कॅचची आदळआपट नाही कळत, पाय तेव्हा फळीवरच दाबलेले असतात, सुटणार कसे?

सॅपर_निवृत्त
हा मुद्दा बरोबर आहे. पण मग स्लाईडवर तयार झालेला पोरगा परीक्षेला जमिनीवर बसला की रेट ३४ ला मरतो, कारण स्वतःचे वजन फिरवायची सवयच राहिलेली नसते. मी पाहिले आहे. शेवटच्या ५०० मीटरमध्ये चेहरा पांढरा.
रिओ ऑलिंपिकला २०१६ मध्ये सिंगल स्कलमध्ये (एकट्याने वल्हवायची शर्यत) १३ वा आलेला दत्तू भोकनळ आमच्या बॉम्बे सॅपर्सचाच (खडकीची लष्करी इंजिनिअर तुकडी). चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही, जिथे पाण्याची मारामार, तिथला मुलगा, आधी विहिरी खोदायचे काम केलेला. पाणी नंतर आले, अंगमेहनत आधी.

आळशीराजा
दत्तूसाठी एक नंबर. इथे गंमत बाजूला.

कर्वेरोडी
पाच आठवड्यांनी हजेरी लावतोय. वही ठेवली होती, त्यातलं टाकतो.

रेट २० चं अर्ध्या तासाचं, स्प्लिट जमिनीवर २:२० (१२८ वॉट), स्लाईडवर २:१९ किंवा २:२०. काही फरक नाही, ढोबळमानाने साहेबांना लोटांगण. ५०० मीटरचे आठ, मधे दोन मिनिटं विश्रांती, तिथे फरक आला. जमिनीवर सरासरी १:५८ रेट २८ ला, स्लाईडवर १:५६.५ पण रेट ३१. वॉटमध्ये २१३ चे २२१. तेवढ्याच दमात. मावशी म्हणाल्या तसं दोन दिवस हवेत होतो, मग २००० ची टेस्ट जमिनीवर दिली. ८:०२. तीन सेकंद. हवा गेली.

कंबर मात्र गेल्या तीन आठवड्यांत एकदाही धरली नाही. मोजे उभ्याने घालतो! गृहस्थ खरं बोलत होते, स्लाईड जिंदाबाद.

ढोबळमानाने
थांबा थांबा. तुम्ही स्लाईड घेतल्या, ड्रॅग फॅक्टर खाली आणला, फळ्या खाली घेतल्या, सलग ४५ बंद करून १५-१५ केलं, आणि बेंबी पुढे न्यायला शिकलात. पाच गोष्टी एकदम बदलून श्रेय एकीला? आमच्याकडे इंटर्न असं करतात.

हाडवैदीण
+१. मीही हेच लिहायला आले होते. दोन आठवडे स्लाईड काढून ठेवा, बाकी चारही तशाच ठेवा.

कर्वेरोडी
च्यायला. बरं. काढतो. बायको म्हणते चढव-उतरव हाच तुझा खरा व्यायाम आहे.

रॉटरडॅमची_मावशी
उत्सुकता आहे! रिझल्ट नक्की टाका, असे धागे नेहमी इथेच मरतात.

कर्वेरोडी
मेला नाही, फक्त उशीर झाला, मधे खालच्या मजल्यावरचे काका येऊन गेले. त्यांचं म्हणणं, इतके दिवस रोज पहाटे घरंगळल्यासारखा काहीतरी आवाज यायचा तो दोन आठवडे बंद होता, आता बंदच का नाही ठेवत. म्हणजे जमिनीवरचं मशीन त्यांना ऐकूच येत नव्हतं, स्लाईडचं येत होतं. हे कोणीच सांगितलं नव्हतं बरं का! आता रुळांखाली जुनी सतरंजी चौघडी करून टाकलीये, त्यामुळे गोटी परत चुकली, परत पट्ट्या.

तर रिझल्ट. जमिनीवर, ड्रॅग ११८, फळ्या खाली, १५-१५-१५ मधे चालून, कंबर दुखली नाही. एकदाही नाही. म्हणजे मी स्लाईडला जे श्रेय देत होतो त्यातलं बरंचसं डॅम्परचं आणि बेंबीचं निघालं. सॅपर सर, पहिल्याच पोस्टमध्ये तुम्ही पकडलं होतं, मी उगाच एवढे कुटाणे केले.

मग हट्टाने एकदा सलग ४५ करून बघितलं. जमिनीवर पस्तिसाव्या मिनिटानंतर तीच जुनी ओळखीची ओढ, डावीकडे, कंबरपट्ट्याच्या वर. थांबलो. तीन दिवसांनी स्लाईडवर सलग ४५, काही नाही. तरी दमल्यावर शेवटच्या पाच मिनिटांत खट खट सुरू झालंच होतं.

आता असं ठरवलंय की मंगळवार-शनिवार स्लाईडवर, लांबचा पल्ला आणि रेट १६ चा टॉवेलवाला सराव. गुरुवारी जमिनीवर ५०० चे तुकडे, कारण २००० मीटरला आठ मिनिटांच्या आत यायचंय आणि ते जमिनीवरच यायचंय. रविवारी जे खाली असेल ते, चढव-उतरव नाही.

सॅपर_निवृत्त
गुरुवारचे तुकडे रेट ३० च्या वर न्या. आठच्या आत म्हणजे स्प्लिट २:०० च्या खाली, २०३ वॉट, ८:०२ वाल्याला जमते. पहिले ५०० सावकाश. सगळे तिथेच मरतात.

हाडवैदीण
ओढ आली आणि थांबलात, हे सगळ्यात आवडलं. डावीकडेच येते म्हणता तर मोबाईल मागे ठेवून व्हिडिओ काढा, फिनिशला एका बाजूला झुकताय का बघा. साखळी बरोबर मधून यायला हवी.

कर्वेरोडी
काढला. झुकतोय. डावीकडे. कारण डाव्या बाजूला स्टुलावर मोबाईल ठेवून मॅच बघतो.

आळशीराजा
_/\_

संगमब्रिज
हाहा. कधी स्लाईड विकणार असाल तर आधी मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. सतरंजीसकट.